व्यवस्थापित क्लाउड फाइल-हस्तांतरण सेवांची निवड : महाविद्यालयीन गरजांच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : फाइल हस्तांतरण, एसएफटीपी, क्लाउड सेवा, ऑब्जेक्ट स्टोरेज, माहिती-सुरक्षा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कारभारात फाइल पाठविणे ही क्रिया इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचा स्वतंत्र विचार सहसा होत नाही. प्रवेशाच्या याद्या, अंतर्गत गुण, शिष्यवृत्तीसाठी लागणारे बँकेचे तपशील, शुल्कभरण्याच्या नोंदी, प्रयोगशाळेतील उपकरणांनी निर्माण केलेली मोजमापे असे नानाविध साहित्य रोज या संगणकावरून त्या संगणकावर जात असते. त्यासाठी ई-मेलला जोडलेली फाइल, पेन ड्राइव्ह किंवा कोणाच्या तरी व्यक्तिगत खात्यातील दुवा, जे हाताशी असेल ते वापरले जाते. काम भागते, परंतु ती फाइल कोणी उघडली, ती किती काळ तेथे पडून राहिली आणि पाठविणारा कर्मचारी बदलून गेल्यावर तिचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे कोणाकडेच नसतात.

विद्यापीठ, बँक, शासकीय विभाग किंवा परदेशातील सहयोगी संशोधनसंस्था जेव्हा ‘आमच्याशी एसएफटीपीने व्यवहार करा’ असे कळवते, तेव्हा हा विषय प्रथमच संगणक विभागाच्या टेबलावर येतो. स्वतःचा सर्व्हर उभारावा की क्लाउड कंपनीची तयार, व्यवस्थापित सेवा घ्यावी, आणि घ्यावयाची तर कोणती, हा निर्णय मग प्राचार्य, ग्रंथपाल, परीक्षा विभागप्रमुख आणि लेखापाल यांनाही घ्यावा लागतो. दरपत्रकावरून तो घेता येतो असा समज असतो. प्रत्यक्षात दरपत्रकात जे लिहिलेले नसते त्यावरच हा निर्णय अधिक अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या सेवांची रचना, त्यांचे मूल्य आकारण्याची पद्धत आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

प्रोटोकॉलची पार्श्वभूमी

फाइल हस्तांतरणाचा पहिला लेखी प्रोटोकॉल अभय भूषण यांनी सिद्ध केला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी पुढे एमआयटीमध्ये होते आणि एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी ‘आरएफसी ११४’ या क्रमांकाचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यातून एफटीपीचा उगम झाला. १९८५ च्या ‘आरएफसी ९५९’ने त्याला आज परिचित असलेले रूप दिले. त्या काळी जाळ्यावर मोजक्या संस्था होत्या व त्या परस्परांना ओळखत होत्या. त्यामुळे पासवर्ड उघड्या स्वरूपात तारेवरून जातो यात कोणाला वावगे वाटले नाही.

ही उणीव दोन मार्गांनी भरून काढण्यात आली. एक मार्ग जुन्या एफटीपीलाच टीएलएसचे कवच चढविण्याचा. यालाच एफटीपीएस म्हणतात आणि त्याचे प्रमाणीकरण २००५ च्या ‘आरएफसी ४२१७’मध्ये आढळते. दुसरा मार्ग सर्वस्वी वेगळा आहे. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्डची चोरी झाल्यानंतर तातू यलोनेन यांनी एसएसएच ही प्रणाली तयार केली. तिच्या आधारे चालणारे फाइल हस्तांतरण म्हणजे एसएफटीपी. नावात साम्य असले तरी एसएफटीपीचा एफटीपीशी रचनात्मक संबंध नाही. गमतीचा भाग असा की, जगभर वापरल्या जाणाऱ्या या प्रोटोकॉलचा अंतिम आरएफसी कधीच प्रसिद्ध झाला नाही. मसुद्याच्या तिसऱ्या आवृत्तीवरच ओपनएसएसएचसारखी सर्वमान्य साधने आजही चालतात.

या भेदाचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. एसएफटीपीला एकच जोडणी व एकच पोर्ट पुरतो. एफटीपीएसला आज्ञांसाठी एक आणि माहितीसाठी दुसरी अशा दोन जोडण्या लागतात. त्यामुळे महाविद्यालयाच्या फायरवॉलमध्ये अनेक पोर्ट उघडून ठेवावे लागतात आणि तेथेच बहुतेक तक्रारी उद्भवतात. साध्या एफटीपीचा तर आता विचारही करू नये. २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी त्याचा आधार काढून टाकला. समोरची संस्था एफटीपीएसचाच आग्रह धरीत नसेल, तर एसएफटीपीची निवड करावी.

‘व्यवस्थापित’ या शब्दाची व्याप्ती

सेवा व्यवस्थापित आहे याचा अर्थ इतकाच की, सर्व्हरची यंत्रसामग्री, कार्यकारी प्रणाली व हस्तांतरणाचे सॉफ्टवेअर चालू ठेवणे आणि त्यांच्या त्रुटी दुरुस्त करणे हे काम पुरवठादार करतो. कोणाला प्रवेश द्यावा, कोणत्या फोल्डरपर्यंत द्यावा, निघून गेलेल्या कर्मचाऱ्याची किल्ली कधी रद्द करावी, नोंदी ठेवाव्यात की नाही, जुन्या फाइली केव्हा पुसाव्यात, ही सर्व कामे ग्राहकाकडेच राहतात. ‘व्यवस्थापित’ म्हणजे ‘आता आपल्याला काही पाहावयास नको’ असा अर्थ घेणाऱ्या संस्थेने ही सेवा न घेतलेली बरी.

तथापि जे काम पुरवठादाराकडे जाते तेही उपेक्षणीय नाही. १ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएचमधील ‘सीव्हीई-२०२४-६३८७’ ही त्रुटी क्वालिस या संस्थेने जाहीर केली. जुनी, पूर्वी दुरुस्त झालेली चूक नव्या बदलांच्या ओघात पुन्हा शिरली होती आणि तिच्या आधारे लिनक्स सर्व्हरवर बाहेरून ताबा मिळविणे तत्त्वतः शक्य होते. अशा दिवशी सर्व्हर तत्काळ अद्ययावत करणारा माणूस ज्या महाविद्यालयात आहे, त्याला स्वतःचा सर्व्हर परवडतो. ज्या महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळेचा एकमेव साहाय्यक परीक्षेच्या कामात गुंतलेला असतो, तेथे स्वस्त सर्व्हर महाग पडतो.

बाजारात मिळणाऱ्या सेवा स्थूलमानाने तीन जातींच्या आहेत. पहिल्या जातीत क्लाउड कंपन्यांनी स्वतःच्या साठ्यासमोर उघडलेली दारे येतात. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१८ मध्ये एसएफटीपीची अशी सेवा सुरू केली; २०२० मध्ये एफटीपीएस व एफटीपी यांची भर पडून तिला ‘ट्रान्स्फर फॅमिली’ हे नाव मिळाले आणि २०२२ मध्ये व्यापारी दस्तऐवजांसाठीचा एएस-२ हा प्रोटोकॉलही आला. मायक्रोसॉफ्टने ॲझ्युअर ब्लॉब स्टोरेजवरील एसएफटीपीची सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. गूगलची ‘स्टोरेज ट्रान्स्फर सर्व्हिस’ नावाने जवळची वाटली तरी तिचे काम वेगळे आहे. एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात मोठ्या प्रमाणावर माहिती हलविण्यासाठी ती आहे; बाहेरच्या व्यक्तीने येऊन फाइल ठेवावी असे दार ती नव्हे. नावावरून निवड करणाऱ्यांची येथे फसगत होते.

दुसऱ्या जातीत मूव्हइट, गोएनीव्हेअर यांसारखी संपूर्ण हस्तांतरण-व्यवस्थापन उत्पादने मोडतात. वेळापत्रक, मंजुरी, सूचना, ब्राउझरमधील पडदा, अहवाल असे सर्व काही त्यांत तयार असते. तिसरी जात संशोधनाच्या गरजेतून निर्माण झाली. तिचे ठळक उदाहरण शिकागो विद्यापीठाकडून चालविली जाणारी ‘ग्लोबस’ ही सेवा होय. तिचा विचार पुढे येईल.

दराची रचना

ॲमेझॉनच्या सेवेचा जाहीर दर अमेरिकेतील प्रदेशासाठी प्रत्येक प्रोटोकॉलमागे तासाला ०.३० डॉलर आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जीबीमागे ०.०४ डॉलर असा राहिला आहे. प्रदेशानुसार व काळानुसार यात बदल संभवतो. परंतु रचना समजून घेण्यास हे आकडे पुरेसे आहेत. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास होतात. म्हणजे एकही फाइल न येता केवळ दार उघडे ठेवण्याचे २१६ डॉलर झाले. डॉलर सोयीसाठी ९० रुपयांचा धरल्यास ही रक्कम १९,४४० रुपये होते. एखाद्या महाविद्यालयाने महिन्याकाठी ५० जीबी माहिती पाठविली तर तिचे शुल्क अवघे २ डॉलर. एसएफटीपीच्या जोडीला एफटीपीएसही सुरू केले की दाराचे भाडे दुप्पट होऊन ४३२ डॉलरवर जाते.

लहान ग्राहक माहितीच्या वाहतुकीचे पैसे देत नसून दाराचे भाडे देत असतो, हे या हिशोबातून दिसते. बहुतेक महाविद्यालयांची गरज मात्र हंगामी असते: प्रवेशाचे काही आठवडे, परीक्षेनंतरचे काही आठवडे, मग शांतता. अशा ठिकाणी दार बंद करता येते काय आणि बंद केल्यावर भाडे थांबते काय, हा दरापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न ठरतो. येथे दोन्ही कंपन्यांचे मार्ग भिन्न आहेत. ॲमेझॉनच्या सेवेत सर्व्हर ‘थांबविला’ तरी आकारणी चालूच राहते. ती थांबविण्यासाठी सर्व्हर काढूनच टाकावा लागतो. ॲझ्युअरमध्येही एसएफटीपीचा ताशी दर ०.३० डॉलरच राहिला आहे. परंतु ही सोय हवी तेव्हा बंद करता येते आणि बंद असताना तिचे भाडे लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक सूचनांतही हस्तांतरण चालू असेल तेवढाच काळ ती सुरू ठेवण्याचा सल्ला आढळतो. दररोज दोन तासच दार उघडे ठेवले तर महिन्याला ६० तास, म्हणजे १८ डॉलर. २१६ आणि १८ यांतील हे अंतर केवळ दर पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, कारण ताशी दर दोन्हीकडे सारखाच आहे.

साठ्याचे भाडे व क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या माहितीचे शुल्क हे याखेरीज वेगळे असतात. माहिती आत आणण्याचे शुल्क सामान्यतः नसते, बाहेर नेण्याचे असते. त्यामुळे ज्या केंद्रात विद्यार्थी किंवा सहयोगी संशोधक वारंवार फाइली उतरवून घेणार आहेत, तेथे खर्चाचा खरा भार उतरवून घेण्यावर पडतो. हे शुल्क ग्राहकाला बांधून ठेवते अशी टीका दीर्घकाळ होत होती. युरोपीय संघाच्या डेटा कायद्याच्या पार्श्वभूमीवर २०२४ च्या पूर्वार्धात गूगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांनी सेवा कायमची सोडून जाणाऱ्यांना ते माफ करण्याचे जाहीर केले. रोजच्या उतरवून घेण्याला मात्र ही सवलत लागू नाही.

आणखी एक प्रश्न निविदा काढण्यापूर्वीच विचारावयास हवा: एसएफटीपीचे दार खरोखर हवे आहे काय? फाइल पाठविणारा व घेणारा हे दोघेही एकाच महाविद्यालयातील असतील, तर क्लाउड साठ्याच्या स्वतःच्या साधनांनी किंवा ठराविक मुदतीच्या दुव्याने काम भागते आणि दाराचे भाडे पूर्णपणे वाचते. एसएफटीपी हवे असते ते समोरची संस्था दुसरे काही स्वीकारीत नाही म्हणून. असा आग्रह नसताना केवळ ‘सुरक्षित’ या शब्दाच्या मोहाने ही सेवा घेतल्याने सुरक्षितता वाढत नाही.

साठ्याचा स्वभाव

व्यवस्थापित सेवेच्या मागे बहुधा ऑब्जेक्ट स्टोरेज असते. संगणकाच्या डिस्कवर फोल्डर हे खरोखरच फोल्डर असते. ॲमेझॉनच्या सर्वसाधारण एस-३ साठ्यात मात्र प्रत्येक फाइल ही एका लांब नावाची स्वतंत्र वस्तू असून फोल्डर हा त्या नावातील तिरप्या रेषेने निर्माण केलेला आभास असतो. वरवर पाहता यात काही बिघडत नाही. परंतु अनेक जुन्या प्रणाली फाइल प्रथम तात्पुरत्या नावाने चढवितात आणि ती पूर्ण झाल्यावर तिचे नाव बदलतात, जेणेकरून घेणाऱ्याने अर्धवट फाइल उचलू नये. डिस्कवर नावबदल क्षणार्धात होतो. वर सांगितलेल्या साठ्यात नावबदल म्हणजे नव्या नावाने प्रत करणे आणि जुनी वस्तू पुसणे. नवी वस्तू येताच आपोआप सुरू होणारी प्रक्रिया लावलेली असेल, तर ती तात्पुरत्या नावाच्या वस्तूवरही चालते आणि अंतिम नावाच्या वस्तूवरही. गुणपत्रकांची एकच फाइल दोनदा आत घेतली जाण्याचा धोका येथून उद्भवतो. तशाच प्रकारे, असलेल्या फाइलच्या शेवटी मजकूर जोडणेही या साठ्यावर शक्य नसते.

ॲझ्युअरमध्ये एसएफटीपी सुरू करावयाचे असल्यास साठ्याच्या खात्यात श्रेणीबद्ध नामरचना असणे अनिवार्य आहे. या रचनेत फोल्डर खरे असतात आणि नावबदल एका झटक्यात पूर्ण होतो. ॲमेझॉनच्या सेवेतही मागे एस-३ ऐवजी ईएफएस ही फाइल-प्रणाली जोडता येते. म्हणून निवडीपूर्वी समोरची संस्था फाइल कशी चढविते याची माहिती करून घेणे आवश्यक आहे. तिच्या तंत्रज्ञाला दूरध्वनी करून विचारलेला एक प्रश्न नंतरच्या कित्येक दिवसांचा शोध वाचवितो.

ओळख पटविण्याच्या पद्धतीतही असेच बारकावे आहेत. ॲमेझॉनच्या सेवेने स्वतः सांभाळलेल्या वापरकर्त्यांना केवळ एसएसएच किल्लीनेच प्रवेश मिळतो. पासवर्ड हवा असल्यास निर्देशिका-सेवा जोडावी लागते किंवा स्वतंत्र ओळख-व्यवस्था लिहावी लागते. ॲझ्युअरमध्ये स्थानिक वापरकर्त्यांना पासवर्ड मिळतो, पण तो ॲझ्युअरनेच तयार केलेला असतो. स्वतःच्या पसंतीचा ठेवता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे दोन्ही निर्बंध स्वागतार्ह होत. मात्र शुल्कविभागातील लिपिकाला किल्लीजोडी कशी तयार करावी आणि खासगी किल्ली कोणालाही का पाठवू नये हे शिकविण्याचे काम कोणाला तरी करावे लागते, आणि अंदाजपत्रकात ते कोठेही दिसत नाही.

अंतर, वेग आणि संशोधनाची माहिती

प्रशासकीय फाइली लहान असतात. संशोधनाच्या तशा नसतात. जनुकक्रम, उपग्रहचित्रे, सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा यांचा एक संच १ टीबीचा सहज असतो. महाविद्यालयाची जोडणी १०० एमबीपीएसची असेल आणि ती पूर्णपणे याच कामाला मिळाली, तरी १ टीबी जाण्यास ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक काळ लागतो. जोडणी वाढविली की काम झपाट्याने होईल असे वाटते, पण दूर अंतरावर तसे घडत नाही. याचे कारण एसएफटीपीच्या कार्यपद्धतीत आहे.

ओपनएसएसएचचा एसएफटीपी कार्यक्रम माहिती ३२ केबीच्या तुकड्यांनी पाठवितो आणि पोच येण्याची वाट न पाहता मूळ मांडणीनुसार एका वेळी ६४ तुकडेच मार्गस्थ ठेवतो. म्हणजे कोणत्याही क्षणी वाटेवर असलेली माहिती सुमारे २ एमबी. महाराष्ट्रातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत संदेश जाऊन पोच परत येण्यास २०० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर सेकंदाला अशा पाचच फेऱ्या होतात आणि वेग सेकंदाला १० एमबीच्या आसपास, म्हणजे सुमारे ८४ एमबीपीएसवर अडकतो. जोडणी १ जीबीपीएसची असली तरी हा आकडा बदलत नाही. तेच केंद्र मुंबईत असून फेरी २० मिलिसेकंदांत होत असेल, तर हीच मर्यादा दहापटीने सैल होते.

म्हणून केंद्राचे स्थान पाहणे महत्त्वाचे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत व २०२२ मध्ये हैदराबादेत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत केंद्रे सुरू केली. अधिक मोबदला न देता केवळ योग्य प्रदेश निवडल्याने वेग सुधारतो. परंतु खाते उघडताना पडद्यावर आपोआप आलेला परदेशी प्रदेश तसाच राहू दिल्याची उदाहरणे कमी नसावीत.

दूरच्या सहयोगी संस्थेशी नित्य मोठी देवाणघेवाण असेल, तर ग्लोबसचा विचार करावा. २०१० मध्ये ‘ग्लोबस ऑनलाइन’ या नावाने सुरू झालेली ही सेवा माहिती स्वतःकडे साठवीत नाही. दोन्ही टोकांच्या संगणकांवर तिचे सॉफ्टवेअर बसविले जाते आणि माहिती थेट एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाते. ग्लोबस केवळ नियंत्रण करते. अनेक प्रवाह समांतर चालविणे, जोडणी तुटल्यास पुन्हा सुरुवात करणे आणि पोहोचलेली फाइल मूळ फाइलशी तंतोतंत जुळते की नाही हे पडताळणे ही कामे ती स्वतः करते. ना-नफा संशोधनासाठी तिचा मूलभूत वापर विनामूल्य आहे; सहभागितेसारख्या काही सोयींसाठी वर्गणी भरावी लागते. विज्ञान शाखेच्या महाविद्यालयांत या सेवेची ओळख असावयास हवी तितकी नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. परीक्षा विभागासाठी मात्र ती योग्य नव्हे, कारण बँक किंवा शासकीय विभाग तिच्याशी जोडलेला असण्याची शक्यता नगण्य आहे.

मूव्हइट प्रकरण

सेवेचे नाव, तिची प्रमाणपत्रे आणि ग्राहकांची यादी यांवर विसंबून राहण्याच्या मर्यादा २०२३ मध्ये उघड झाल्या. प्रोग्रेस सॉफ्टवेअर या कंपनीच्या मूव्हइट ट्रान्स्फर या उत्पादनातील ‘सीव्हीई-२०२३-३४३६२’ ही त्रुटी ३१ मे २०२३ रोजी जाहीर झाली. वेबपृष्ठावरून डेटाबेसला मनमानी आज्ञा देता येतील अशा स्वरूपाची ती होती. क्लॉप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खंडणीखोर टोळीने ती आधीच हेरून ठेवली होती आणि अमेरिकेतील मेअखेरच्या जोडसुट्टीत, माणसे कामावर नसताना, तिचा वापर केला. जगभरातील दोन हजारांहून अधिक संस्थांची माहिती चोरीस गेली.

शिक्षणक्षेत्राने या प्रकरणाकडे विशेष लक्ष द्यावे असे काही त्यात आहे. अमेरिकेतील नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस ही संस्था महाविद्यालयांच्या वतीने विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या व पदव्यांच्या नोंदी सांभाळते. ती मूव्हइट वापरीत होती. तिच्यामार्फत सुमारे ८९० शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थ्यांची माहिती या हल्ल्याच्या कक्षेत आली. त्या महाविद्यालयांच्या दृष्टीने पाहता, त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर हल्ला न होताही त्यांच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी बाहेर गेल्या. ब्रिटनमध्ये झेलिस या वेतनसेवा कंपनीच्या वाटेने बीबीसी व ब्रिटिश एअरवेज यांच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडले.

हा प्रकार एकमेव नव्हे. २०२०–२१ मध्ये ॲक्सेलियन कंपनीच्या सुमारे २० वर्षे जुन्या हस्तांतरण-उत्पादनातून कॅलिफोर्निया व कोलोरॅडो विद्यापीठांसह अनेकांची माहिती गेली आणि ते उत्पादन एप्रिल २०२१ अखेर बंद करण्यात आले. २०२३ च्या आरंभी गोएनीव्हेअर, डिसेंबर २०२४ मध्ये क्लिओ अशी ही मालिका पुढे चालू राहिली. चोरट्यांनी हस्तांतरणाच्या सर्व्हरवरच लक्ष का केंद्रित करावे? असा सर्व्हर व्याख्येनेच महाजालाकडे तोंड करून उभा असतो, त्यावर येणारी माहिती निवडक व मौल्यवान असते आणि, हे सर्वांत महत्त्वाचे, पाठवून झालेल्या फाइली तेथून कोणी काढीत नाही. टपाल पोहोचल्यानंतरही टपालपेटीत राहिलेले असते. फाइल घेतली गेल्यावर काही दिवसांत ती आपोआप पुसली जाण्याचा नियम लावता येतो. ॲमेझॉन व ॲझ्युअर या दोन्ही साठ्यांत अशी सोय उपलब्ध आहे. ज्या संस्थांनी फाइली साठू दिल्या नव्हत्या, त्यांच्या नुकसानीस आपोआपच मर्यादा पडली.

मूव्हइटची क्लाउड आवृत्तीही त्याच त्रुटीने बाधित होती, ही गोष्ट व्यवस्थापित सेवेच्या पुरस्कर्त्यांनी विसरता कामा नये. मात्र तेथे विक्रेत्यानेच ती तत्काळ बंद करून दुरुस्त केली. स्वतःच्या सर्व्हरवर उत्पादन चालविणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला ते स्वतः करावे लागले, आणि अनेकांना कळेपर्यंत चोरी होऊन गेली होती. व्यवस्थापित सेवेतही त्रुटी येते, पण ती बुजविण्यासाठी लागणारा काळ कमी होतो. सेवेचे मूल्य ठरविताना या फरकाची किंमत लावली पाहिजे.

उत्तरदायित्वाचा कायदेशीर पैलू

भारतात सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, डेटा सेंटर, निगम संस्था व शासकीय संस्था यांनी सुरक्षाभंगाच्या घटनेची वार्ता लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस भारतीय अधिकारक्षेत्रात ठेवणे बंधनकारक आहे. क्लाउड सेवेत कोणी केव्हा कोणती फाइल उचलली याच्या तपशीलवार नोंदी स्वतः सुरू कराव्या लागतात आणि त्यांच्या साठ्याचा खर्चही येतो. खर्च वाचविण्यासाठी नोंदी बंद ठेवणे म्हणजे घटनेनंतर सांगण्यासारखे काहीच हाती नसणे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मधील तरतूद अधिक मूलगामी आहे. माहिती ज्या संस्थेने गोळा केली, ती संस्थाच तिच्या वतीने दुसऱ्याने केलेल्या प्रक्रियेसाठीही जबाबदार राहते. करारात काहीही लिहिलेले असो. वाजवी सुरक्षा-उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील बहुतांश कर्तव्ये १८ महिन्यांच्या अवधीनंतर अमलात यावयाची आहेत. १८ वर्षांखालील व्यक्तीस हा अधिनियम बालक मानतो. ज्या महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे, त्यांच्याकडील अकरावी-बारावीच्या जवळजवळ सर्व नोंदी या कक्षेत येतात. तेव्हा ‘माहिती क्लाउड कंपनीकडे होती’ हे उत्तर पालकांना देता येईल, कायद्याला देता येणार नाही.

निवडीनंतरचा एक तांत्रिक तपशील

सेवा निवडून झाली तरी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवावी लागते, कारण नंतर ती दुरुस्त करणे अवघड असते. समोरच्या संस्थांना सर्व्हरचा जो पत्ता कळवावयाचा, तो क्लाउड कंपनीने दिलेला लांबलचक पत्ता नसून महाविद्यालयाच्या स्वतःच्या डोमेनखालील नाव असावे. पुढे सेवा बदलली, तर ते नाव नव्या ठिकाणी वळविता येते आणि बँकेला किंवा विद्यापीठाला पत्ररूपाने काही कळवावे लागत नाही.

परंतु केवळ नाव पुरत नाही. एसएसएचमध्ये प्रत्येक सर्व्हरची स्वतःची ओळख-किल्ली असते आणि जोडणारा संगणक ती पहिल्या भेटीत लक्षात ठेवतो. पुढे ती बदललेली दिसली तर तो धोक्याचा इशारा देऊन जोडणी नाकारतो, आणि रात्री आपोआप चालणारी हस्तांतरणे त्या रात्रीपासून थांबतात. ॲमेझॉनच्या सेवेत जुन्या सर्व्हरची ओळख-किल्ली आयात करता येते, त्यामुळे स्थलांतर समोरच्यास जाणवतही नाही. ॲझ्युअरमध्ये मायक्रोसॉफ्टच्याच किल्ल्या वापरल्या जातात. त्यांची यादी प्रसिद्ध केलेली असते आणि त्या ठराविक काळाने बदलतात. तेथे जाणाऱ्या महाविद्यालयाने ही यादी समोरच्या प्रत्येक संस्थेच्या तंत्रज्ञाकडे आगाऊ पोहोचवावी, आणि स्थलांतराचा दिवस निकालाच्या किंवा शुल्कभरण्याच्या मुदतीला लागून ठेवू नये.